धूर थांबलेली जागा

केदारी भाऊंनी माझ्या देखत पहिल्या भेटीत कोणाचीच स्तुती केली नाही. नवा मॅनेजर येवो, पुतणीसाठी बघितलेला मुलगा असो, पंचायतीला उभा राहिलेला उमेदवार असो, त्यांचं मत ठरलेलं असायचं. "वरनं बरा दिसतोय. कापून बघितल्याबिगर काय सांगावं?" नवखा माणूस हे ऐकून जरा मागे सरकायचा. कापून बघणं हा भाऊंचा पोटापाण्याचा धंदा आहे, हे त्याला नंतर कळायचं.

आमचा कारखाना कान्ह्याजवळ, बिडाच्या ओतकामाचा. मोटारीचा पत्रा दाबून दरवाजे आणि बॉनेट काढतात, त्या अवजड साच्यांचे भाग आम्ही ओततो आणि घासून-कातून देतो. मी तिथे दर्जा विभागात रिपोर्ट टाइप करतो आणि फायली सांभाळतो. जेवणाच्या सुट्टीत पुस्तक वाचतो म्हणून भाऊ मला 'मास्तर' म्हणत. माझ्या टेबलाला लागून काचेचं पार्टिशन आणि पार्टिशनच्या पलीकडे भाऊंची प्रयोगशाळा. अठरा वर्षं मी त्यांना काचेतून बघितलं.

पवन मावळातल्या एका वाडीतून दत्तात्रय सखाराम केदारी दहावी होऊन कारखान्यात आले ते वाळूच्या खात्यात. तिथून कोणीतरी त्यांना नमुने घासायला प्रयोगशाळेत पाठवलं आणि परत बोलवायला विसरलं. बिडाचा करंगळीएवढा तुकडा कापायचा, काळ्या गोटीत बसवायचा, एकाहून एक बारीक पॉलिश कागदांवर घासायचा, शेवटी मखमलीच्या चकतीवर फिरवून आरशासारखा करायचा. मग त्यावर आम्ल टाकायचं. आम्ल लागलं की आरसा अंधुक होतो आणि लोखंडाच्या पोटातली घडण सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला लागते. आम्ल किती वेळ ठेवायचं याला घड्याळ होतं, पण भाऊ ते बघत नसत. ते स्टेशनं मोजायचे. "लोनावळा, मळवली, कामशेत, कान्हे..." साधं बीड कान्ह्याला उतरायचं, म्हणजे पाण्याखाली धरायचं. पोलादाला तळेगाव. एकदा मी घड्याळ लावून बघितलं. भाऊंचं स्टेशन दर वेळी सेकंदाला एक असं येत होतं. आपल्या रेल्वेबद्दल असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

त्या आम्लाने त्यांच्या उजव्या हाताची तीन नखं कायमची पिवळी झाली होती. नातेवाइकांच्या लग्नात लोक विचारत, "भाऊ, हळद लावून आलाय काय?" ते म्हणत, "व्हय, लोखंडाच्या लग्नाला जातो रोज."

सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतं त्याची इंग्रजी नावं भाऊंना तोंडपाठ होती. रिपोर्टात मी तीच टाइप करी. बोलताना मात्र त्यांची नावं वेगळी. बिडात काळ्या वाकड्या रेघा दिसतात, त्या ग्राफाइटच्या. भाऊ त्यांना गांडुळं म्हणत. गांडुळांच्या भोवती एकाआड एक बारीक तास पडल्यासारखी जमीन असते, ती नांगरट. कडक केलेल्या लोखंडात आडव्यातिडव्या सुया दिसतात, ती कुसळं. पावसाळा सरल्यावर लोहगडाच्या उतारावरून चालताना पायजम्याला चिकटतात ती. आणि बीड वितळून भसकन गार झालं तर पांढरं जाळीदार काहीतरी तयार होतं. त्याला ते पोळं म्हणत. "पोळं बघायला लय झ्याक," ते सांगायचे, "पन हात लावू नये."

मी तिथे असताना सात इंजिनियर आले आणि सहा गेले. प्रत्येकाला भाऊंनी गांडूळ आणि नांगरट शिकवली. प्रत्येकाने पहिले सहा महिने वही घेऊन ऐकलं आणि नंतर वही बंद करून भाऊंनी पाठवलेल्या रिपोर्टांवर सही केली. रिपोर्टाच्या तळाला एक चौकट असते: 'तपासणाऱ्याचे नाव व सही'. तिथे पदवीधराचीच सही लागते असा नियम. म्हणजे बघणारे भाऊ आणि तपासणारा दुसराच कोणी. यावर ते कधी तक्रार करत नसत. फक्त एकदा त्यांची थोरली मुलगी लोणावळ्याच्या कॉलेजात पदवीला होती तेव्हाची गोष्ट त्यांनी सांगितली. तिने विचारलं होतं, "बाबा, तुमी केलेलं काम कुटं लिवलेलं असतं का?" भाऊ तिला म्हणाले, असतं की. ती म्हणाली, मग दाखवा. "मला दाखवता न्हाई आलं, मास्तर," असं म्हणून ते पुन्हा चकतीकडे वळले. निवृत्तीला तेव्हा चार वर्षं होती. निवृत्तीआधी एक तरी कागद आपल्या नावाने निघावा, असं त्यांच्या मनात असल्याचं मला त्या दिवशी कळलं. ते पुन्हा कधी बोलले नाहीत आणि मीही तो विषय काढला नाही.

मोठ्या माणसांचं त्यांना फारसं अप्रूप नव्हतं. एकदा मुख्य कचेरीतून कोणी संचालक आले. त्यांना प्रयोगशाळा दाखवली. त्यांनी वाकून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "व्हेरी क्लीन." सगळ्यांनी माना हलवल्या. पाहुणे वळले तसा भाऊंनी हात लांब करून सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावला. ते बाहेर गेल्यावर मी विचारलं, "भाऊ, सांगायचं ना आधी." "कशाला? त्यास्नी दिसलं की."

लेसरचं मशीन आलं तेव्हा भाऊंच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. त्याआधी साच्यांच्या कडा कडक करायला आम्ही ज्योतीने तापवून पाण्याचा फवारा मारायचो. त्यात साचा वाकायचा, मग पुन्हा घासायचा. लेसरच्या माहितीपत्रकात भविष्यकाळाचे तीनचार शब्द होते आणि त्यावर एका हसऱ्या परदेशी माणसाचा फोटो होता. मला वाटलं, भाऊ नाक मुरडतील. झालं उलटं. चाचणीच्या दिवशी निळसर उजेडाचा ठिपका बिडाच्या कडेवरून मुंगीच्या चालीने सरकला, मागे राखाडी पट्टा राहिला, आणि भाऊ काळ्या काचेआडून तोंड उघडं ठेवून बघत राहिले.

"पानी न्हाई मारलं," ते म्हणाले.

"लागत नाही म्हणे."

"लागणारच न्हाई. वरची साय तेवढी तापती. खालचा धोंडा गारच. तो गारवाच वरच्याला विझवतो. मास्तर, हे बेनं लय हुशार हाय."

संध्याकाळी त्यांनी तो तुकडा कापून मला आत बोलावलं. असं ते क्वचित करत. खाली नेहमीची नांगरट होती. वर नखाच्या जाडीइतका थर वेगळाच, फिकट. त्या थराला आम्लाचा चटका लवकर लागत नाही, त्यांना पार देहूरोडपर्यंत जावं लागलं होतं. "वरबी गारवा तसाच ऱ्हायला असता तर नांगरट मोडली नसती," ते हळू आवाजात समजावत होते. "ऊन इतकं कडक पडलं की ढेकळं इरघळली. पुन्हा तास पडायला येळ लागतो. तेवढा येळच दिला न्हाई. म्हणून कुसळं उभी ऱ्हायली. गांडुळं मात्र जिथल्या तिथं. बघा की." मी बघितलं. मला राखाडीवर राखाडी दिसलं. मी 'वा' म्हटलं. त्यांनी दिवा लागलाय ना, हे तपासलं.

मशीन विकणाऱ्या कंपनीचा तज्ज्ञ टाय लावून आला होता. मशीनची ताकद दाखवायला त्याने दुसऱ्या तुकड्यावर जोर वाढवला. पृष्ठभाग वितळला. कडकपणाचा आकडा फार वर गेला आणि तज्ज्ञाने तो फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या. भाऊंनी तुकडा कापला, पोळं दाखवलं आणि पोळ्यातून गेलेल्या केसासारख्या तीन चिरा दाखवल्या. तज्ज्ञ म्हणाला, "पण हार्डनेस जास्त आला ना?" भाऊ म्हणाले, "व्हय. आमच्या वाडीचा पोलीस पाटीलबी असाच होता." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. तज्ज्ञाने फळा पुसला.

मग उद्घाटन ठरलं. गिऱ्हाईक कंपनीचे वरिष्ठ येणार, त्यांच्या हाताने पहिल्या खऱ्या साच्यावर लेसर चालणार, आणि तोच साचा आठवड्याने रिपोर्टासह त्यांच्याकडे जाणार. मंडप घातला. मशीनला हार, साच्याला हळदकुंकू. पुरोहितांनी साच्याच्या कडेवर मधोमध ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, त्यावर तेलाचं बोट ओढलं. इथे एक गोष्ट सांगायला हवी. घासलेलं बीड चकचकीत असतं, त्यावरून लेसरचा बराचसा उजेड परत जातो. म्हणून कडेवर आधी काळा लेप फवारतात. लेप उजेड पितो, तेव्हा कुठे लोखंड तापतं. स्वस्तिक त्या काळ्या लेपावर होतं.

आमचे प्लांटहेड कॅमेऱ्याच्या बाजूने बघत होते. त्यांना तेलाचा ओघळ दिसला. "हे फोटोत घाण दिसेल. पुसून घ्या," ते म्हणाले. सफाईच्या कामावर ठाकरवाडीच्या हौसाबाई मावशी होत्या, ठेकेदाराकडून. त्यांनी चिंधी घेतली, थिनर घेतला. सांगितलेलं काम अर्धवट करायची त्या बाईला सवय नव्हती. साहेबांचा साचा, पाहुणे आलेले. त्यांनी कुंकू पुसलं, तेल पुसलं आणि त्याखालचा काळा लेपही लोखंड लखलखेपर्यंत पुसला. पंजाएवढी जागा आरशासारखी झाली. प्लांटहेड म्हणाले, "गुड."

पाहुण्यांनी बटण दाबलं. टाळ्या झाल्या. ठिपका सरकायला लागला, लेप जळून त्याच्या मागे बारीक धूर निघू लागला. मी भाऊंशेजारी उभा होतो. अर्ध्या वाटेत त्यांनी माझा दंड धरला.

"धूर थांबला."

"काय?"

"मधी धूर थांबला. आता पुन्यांदा सुरू झाला."

सगळे मोबाइलवर चित्रीकरण करत होते. प्लांटहेडनी भाषणात सांगितलं की, पहिल्याच फटक्यात निर्दोष, हीच आमची परंपरा. मग बटाटेवडे आले.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी खिशातून बोटभर लांबीची कानस काढली आणि साच्याच्या कडेवरून हलकेच ओढली. कडक लोखंडावर कानस घसरते, मऊ लोखंडाला धरते. दोन्ही टोकांना ती घसरली. मधोमध धरली. हा साचा कापून बघण्याची सोय नव्हती. मग त्यांनी मधल्या जागेचा रुपयाएवढा ठिपका हातानेच पॉलिश केला, कान्ह्यापर्यंत आम्ल ठेवलं आणि ओली केलेली प्लास्टिकची पातळ फीत त्यावर दाबून छाप घेतला. दोन्ही टोकांचेही तसेच छाप घेतले. असा छाप सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येतो. टोकांच्या छापात कुसळं होती. मधे नांगरट, जशी ओतली तशी. लेसर तिथून गेलाच नव्हता म्हणा.

साचा शनिवारी जायचा होता. पुन्हा लेप, पुन्हा लेसर, पुन्हा घासकाम म्हणजे आठ दिवस. रिपोर्टावर सही करायची ती इंजिनियर देशमाने यांनी. त्यांनी छाप बघितले, कपाळ चोळलं, आणि त्याच आठवड्यात त्यांच्या चुलतमेहुण्याचा साखरपुडा निघाला. प्लांटहेडनी भाऊंना बोलावलं. रिपोर्टाचा नमुना घेऊन मीही गेलो.

"केदारी, इतकी वर्षं तुम्ही पडद्यामागे राहिलात," प्लांटहेड म्हणाले. "मी ठरवलंय, या ऐतिहासिक रिपोर्टावर सही तुमची. नियमाचं मी बघतो. आणि निवृत्तीनंतर दोन वर्षं कंत्राटावर राहा की. तुमच्यासारखी माणसं कुठे आहेत?"

मग त्यांनी छापांचे फोटो पुढे ओढले.

"टोकांचे फोटो झकास आलेत. तेच लावा."

"मधला छाप, साहेब?"

"तीन फोटो कशाला? दोन पुरे."

बाहेर आलो. भाऊ माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसले. "घ्या लिवून," म्हणाले. मी टाइप करत गेलो: दोन्ही टोकांना कडक थर पुरेसा. मध्यभागी सुमारे एक पंजा जागा कडक झालेली नाही, मूळ रचना तशीच. लेसर यंत्र बरोबर चालले. त्या जागी काळा लेप नव्हता. तीन छापांचे फोटो जोडले आहेत.

"भाऊ," मी म्हणालो, "दोन वर्षांचं कंत्राट आहे. धाकटीचं शिक्षण व्हायचंय."

"हाय की ठाऊक."

"मग?"

"नाव पयल्यांदाच लागतंय, मास्तर. दोन फोटोंच्या कागदावर लावलं तर पोरीला दाखवता येणार न्हाई." खिशातून पेन काढून त्यांनी सही केली. दत्तात्रय सखाराम केदारी, पूर्ण. शेवटची अक्षरं चौकटीबाहेर गेली. इतक्या वर्षांत त्या चौकटीत लिहायची सवय नव्हती.

प्लांटहेड चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि ते शांत झाले. ते मूर्ख नव्हते. गिऱ्हाइकाकडेही एखादा कानसवाला असू शकतो, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "ठीक आहे," ते म्हणाले. "खरं तेच पाठवू. तुमच्याच सहीने. कंत्राटही राहील. पण ही चौकट रिकामी आहे."

ती चौकट 'मूळ कारण व जबाबदार व्यक्ती' अशी होती. आमच्या धंद्यात चूक झाली की तिला एक माणूस लागतो. माणूस सापडला की चूक मिटते. पुढे लिहायचं, संबंधिताला कामावरून कमी केले, आणि गिऱ्हाईक समाधानी होतं.

"लेप त्या बाईने पुसला," प्लांटहेड म्हणाले. "तिचं नाव टाका. ठेकेदाराची बाई आहे, आपल्या पटावर नाही."

भाऊ कागद घेऊन बाहेर आले. या वेळी मात्र ते स्टुलावर बराच वेळ बसले. खिडकीतून हौसाबाई दिसत होत्या. लोखंडाच्या किसाचा ढीग लोटत होत्या. भाऊंना पाहिजे होता तो कागद समोर होता. खरा, त्यांच्या सहीचा, गिऱ्हाइकाकडे जाणारा. दोन शब्द भरायचे होते.

मावशी दाराशी आल्या. "भाऊ, चा सांगू का?"

"नगं, मावशी." मग थांबून, "त्या दिशी साचा तुमी पुसलात, न्हवं?"

"व्हय. सायेब म्हनले पूस. का वो? डाग ऱ्हायला का?"

"न्हाई. डाग न्हाई ऱ्हायला."

त्या गेल्या. भाऊ मला म्हणाले, "मास्तर, मी एवढ्या वर्सांत कागदावर फकस्त लोखंडाचं लिवलं. माणसांचं न्हाई लिवलं."

"मग चौकट रिकामी ठेवा."

"रिकामी ठेवली तर सायेब भरतील." त्यांनी पेन उघडलं आणि चौकटीत एकच शब्द लिहिला. मग कागद माझ्याकडे सरकवला. 'मूळ कारण व जबाबदार व्यक्ती'च्या पुढे लिहिलं होतं: फोटो.

तो कागद गिऱ्हाइकाकडे गेला नाही, हे सांगायला नको. हौसाबाईंचं नाव घालून नवा कागद करावा तर मधल्या छापाची फीत भाऊंच्या कपाटात, आणि उद्घाटनाचं पूजेपासूनचं चित्रीकरण सगळ्यांच्या मोबाइलवर. त्यात 'पुसून घ्या' हा आवाज अगदी स्वच्छ होता. प्लांटहेडनी दोन दिवस विचार केला आणि गिऱ्हाइकाला कळवलं की घाटात दरड पडल्यामुळे विलंब होत आहे. दरड खरोखरच पडली होती, वेगळ्या रस्त्यावर. साच्यावर पुन्हा लेप फवारला, पुन्हा लेसर चालवला, पूजा केली नाही. भाऊंनी या वेळी पाच ठिकाणचे छाप घेतले. पाचही ठिकाणी कुसळं. देशमाने साखरपुडा आटोपून परत आले होते. त्यांनी रिपोर्टावर सही केली.

"सहीसाठी तुम्हाला विचारायला हवं होतं साहेबांनी," मी म्हणालो.

"चांगल्या मालावर सही करायला मानसं मिळत्यात," भाऊ म्हणाले आणि फीत पाण्याने धुऊ लागले. त्यांचा आवाज चिडका नव्हता. दमलेला होता. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदाच ते त्यांच्या वयाचे दिसले.

कंत्राटाचा विषय पुन्हा निघाला नाही. तो 'फोटो'वाला कागद फाडायला सांगितला होता. मी फाडला नाही, पण फार मोठं धैर्य केलं असंही नाही. फायलीत मागे सरकवून ठेवला. तेवढंच मला जमण्यासारखं होतं. भाऊंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ठेवा. उंदरं तरी वाचतील."

शेवटच्या दिवशी शाल, नारळ, भाषणं झाली. प्लांटहेड म्हणाले की केदारी म्हणजे आमच्या कारखान्याचा डोळा. भाऊंनी मान खाली घातली. उत्तराला उभे राहून ते "समद्यांनी सांभाळून घेतलं" इतकंच बोलले आणि बसले. हौसाबाईंनी त्यांना घरचा तांदूळ दिला, फडक्यात बांधून.

मी गेटपर्यंत सोबत गेलो. ओळखपत्राचं कार्ड सकाळीच जमा करून घेतलं होतं. कार्डाशिवाय गेटचा दांडा उघडत नाही. वॉचमन नवा होता, त्याने बाहेरच्या लोकांचं रजिस्टर पुढे केलं. "काका, ह्यात एंट्री करा. नुसती टिक केली तरी चालतंय."

भाऊंनी शाल, नारळ आणि तांदळाचं गाठोडं माझ्या हातात दिलं, चष्मा लावला आणि दोरीला बांधलेलं पेन घेतलं. नाव पूर्ण लिहिलं. 'कोणास भेटायचे' इथे रेघ मारली. 'कामाचे स्वरूप' पाशी थांबले. मागे दोन ट्रक हॉर्न वाजवत होते. वॉचमन म्हणाला, "काहीबी लिवा वो." त्यांनी लिहिलं: लोखंड बघणे. शेजारच्या चौकटीत सही केली, या वेळी अक्षरं चौकटीबाहेर गेली नाहीत. शालीत नारळ गुंडाळून काखेत मारला, तांदळाचं गाठोडं हातात घेतलं आणि कान्हे स्टेशनच्या दिशेने चालायला लागले.

वॉचमनने त्यांच्या ओळीपुढे बाहेर पडल्याची वेळ टाकली आणि ट्रकवाल्याला हात केला.